कातळावरचं डबकं आणि समुद्रापारचा चतुर

कसाल-मालवण पट्ट्यातले जांभ्याचे सडे मे महिन्यात ओसाड वाटतात. पण जून-जुलैत त्यांच्या खळग्यांत पाणी साचलं की बेडकांची पिल्लं, पाणकिडे आणि चतुरांच्या अळ्या वळवळू लागतात. हे सगळे येतात कुठून? काही जीवांची सुकी अंडी चिखलातच पाऊस पडायची वाट पाहतात, बेडूक शेजारच्या शेतातून उड्या मारत येतात. आणि पिवळसर ‘पँटाला’ चतुर पावसाच्या वाऱ्यांवर स्वार होऊन येतो. त्याच्या जातीचे थवे भारत आणि पूर्व आफ्रिका यांच्यामधला हिंद महासागर ओलांडतात, असं अनेक पुरावे सुचवतात. म्हणजे हातभर डबक्यातलं गोकुळ शेत, सडा आणि महासागर अशा तिन्ही अंतरांवर ठरतं.

कुणी म्हणेल, कोण जगणार हे शेवटी पाण्याची खोली आणि ते किती दिवस टिकतं, यावरच ठरतं ना? खरंय, पण ती चाळणी लागते पोचलेल्यांनाच. १९६०च्या दशकात सिंबरलॉफ आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी फ्लोरिडातली कांदळवनाची चिमुकली बेटं धुरी देऊन कीटकमुक्त केली. बहुतेक बेटांवर वर्षाच्या आत जातींची संख्या जवळपास पूर्ववत झाली, पण जाती बऱ्याच वेगळ्या होत्या, आणि सर्वात दूरचं बेट मागे राहिलं. मग ये-जा जितकी जास्त तितकं चांगलं? तसंही नाही. डासांसाठी म्हणून गप्पी मासे या खळग्यांत सोडले, तर मासे नसल्यामुळेच तिथे तग धरणारे जीव संपतात. आणि चिरेखाणीत एक सडा गेला, की उरलेल्या सड्यांमधलं अंतर वाढतं. शेजारच्या शाबूत डबक्यालाही त्याची झळ लागते.