कंदीसा: श्रोत्यांनी मोठा केलेला अल्बम

२००० साली टाइम्स म्युझिकनं ‘कंदीसा’ बाजारात आणला, तेव्हा तो खपावा असं त्यात वरकरणी काहीच नव्हतं. सात गाणी, तीही सिनेमाच्या गाण्याच्या मापात न बसणारी, लांबलचक. नावाजलेला पार्श्वगायक नाही, नट-नटीचा चेहरा नाही. पहिलं गाणं नर्मदेच्या खोऱ्यातलं लोकगीत, शेवटचं केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांची प्रार्थना, मध्येच चळवळीतलं एक भोजपुरी गाणं, आणि या सगळ्याला एकत्र बांधणारे गिटार, बेस, तबला आणि ड्रम्स. दुकानदारानं ही कॅसेट ठेवायची तरी कुठल्या खणात? रॉकच्या, लोकसंगीताच्या की भजनांच्या? आज पंचवीस वर्षांनंतर मागोवा घेताना मला राहून राहून वाटतं, की हा अल्बम श्रोत्यांनी मोठा केला. एकानं दुसऱ्याला ऐकवला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि असाच तो देशभर पोचला.

इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड. गिटार वाजवणारा सुश्मित सेन आणि तबला वाजवत गाणारा असीम चक्रवर्ती हे दोघं ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून एकत्र वाजवत होते. १९९० मध्ये बँड उभा राहिला. १९९१ मध्ये राहुल राम बेस गिटार घेऊन आला, १९९४ मध्ये अमित किलम ड्रम्सवर बसला आणि चौकडी पुरी झाली. पहिला अल्बम १९९३ मध्ये एचएमव्हीनं काढला होता. दुसरा, ‘डेझर्ट रेन’, १९९७ चा. सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ ‘सहमत’ ही संस्था दिल्लीत १ जानेवारीला कार्यक्रम करते, तिथंच तो थेट ध्वनिमुद्रित झाला. पथनाटक चालू असताना झालेल्या हल्ल्यात जीव गमावलेल्या रंगकर्मीच्या आठवणीत लोक जमले आहेत आणि त्यांच्यासमोर हे चौघं वाजवताहेत. हा बँड कोणत्या माणसांमध्ये वाढला, ते या एका ध्वनिमुद्रणावरून कळतं.

त्या वेळचा रॉकचा श्रोता कसा होता, तेही सांगायला हवं. मुंबईत धोबी तलावजवळच्या रंगभवनमध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’ला पोरं गर्दी करायची. पण मंचावरचं बरंचसं गाणं इंग्रजी, आणि त्यातही परदेशी बँडच्या गाण्यांची हुबेहूब नक्कल करणाऱ्याला टाळ्या जास्त. दुसरीकडे एमटीव्ही आणि चॅनल व्हीवर इंडीपॉपची लाट होती. त्यातली काही गाणी गोडही होती, पण ती चार मिनिटांत संपणारी आणि व्हिडिओवर चालणारी. आपल्या मातीतलं आणि तरीही पूर्णपणे आजचं असं काही करू पाहणारे थोडेच. गोव्यात रेमो फर्नांडिसनं १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ घरीच रेकॉर्ड करून स्वतःच विकायला काढला होता, हा त्या वाटेवरचा मोठा टप्पा, आणि त्याची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही. पण रॉक ऐकणारा कॉलेजातला पोरगा तबल्याकडे कान देईल, यावर २००० साली फारसा कुणाचा विश्वास नव्हता.

तो विश्वास पहिल्याच गाण्यानं, ‘मा रेवा’नं बसवला. निदान महाराष्ट्रात तरी या गाण्याला आपलं म्हणायला वेळ लागला नाही. रेवा म्हणजे नर्मदा, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गोनीदांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ वाचत मोठी झालेली आणि घरातल्या कुणा ना कुणाच्या परिक्रमेच्या गोष्टी ऐकलेली माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. पण हे गाणं परिक्रमेच्या वाटेनं बँडपर्यंत आलेलं नाही. राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट करून परतला आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम करू लागला. खोऱ्यातली गाणी त्यानं तिथं ऐकली. हीच नर्मदा आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीचं नाव तेव्हा या आंदोलनामुळे पेपरात रोज दिसायचं. ज्या वर्षी हा अल्बम आला, त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं, ज्याच्याविरुद्ध हे आंदोलन होतं त्या सरदार सरोवर धरणाची उंची वाढवायला वाट मोकळी करून दिली. गाण्यात यातलं काहीही नाही. त्यात आहे ते नदीचं निखळ कौतुक, आईचं करावं तसं. पण आंदोलनाच्या बातम्या वाचणाऱ्या श्रोत्याला ते साधं कौतुक ऐकताना घशाशी आवंढा यायचा, हे मी किती तरी जणांच्या तोंडून ऐकलं आहे.

‘हिल्ले ले’ची जात वेगळी. गोरख पांडे हे देवरियाकडचे कवी, दिल्लीत जेएनयूत संशोधन करणारे, भोजपुरीत लोकांच्या तोंडी बसतील अशी गाणी लिहिणारे. १९८९ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांचं गाणं मोर्चात गायलं जायचं; इंडियन ओशननं त्यातला जोर तसाच ठेवला आणि खाली बेसचा पाया घातला. जे पोरगं आयुष्यात कधी मोर्चात गेलं नाही, तेही या गाण्याला मूठ उंचावून उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. आणि त्यानंतर त्यांतल्या काहींनी गोरख पांडेंच्या कविता शोधून वाचल्या. एका गाण्यानं वाचकाला कवीपर्यंत नेलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग शीर्षकगीत. ‘कंदीसा’ ही सीरियाक भाषेतली प्रार्थना, अरामाईकच्या कुळातली, म्हणजे येशू ज्या भाषेत बोलत असे तिच्या गोतातली. केरळच्या सीरियन ख्रिश्चनांनी ती शतकानुशतकं जपली. देवाच्या पावित्र्याचा त्रिवार उच्चार, एवढंच तिचं सार. बँडनं ती घाईनं उरकलेली नाही. सुरुवातीला गिटार आणि बेस हळूहळू जागा करून देतात. मग खालच्या पट्टीत, कुणीही कुणाच्या पुढे न जाता, एकत्र गाणारे आवाज येतात. ते शब्द पुन्हा पुन्हा येत राहतात आणि ऐकणारा त्यात स्थिरावतो. त्यानंतर असीमचा आवाज वर चढतो. तो आवाज घोटलेला, पॉलिश केलेला नाही; त्याला कडा आहेत, तो ताणला जातो, आणि ताणला जातानाच सगळ्यात सुंदर वाटतो. असीम मांडी घालून बसून तबला वाजवायचा आणि त्याच वेळी गायचा. हात एका लयीत गुंतलेले आणि गळा दुसरीकडे मोकळा, हे प्रत्यक्ष पाहिलेल्यांना ते आजही विसरता येत नाही. या गाण्यात ना गिटार सजावटीला आहे, ना प्रार्थना निमित्ताला. वर्षानुवर्षं एकत्र बसून वाजवत गेल्यावरच असं एकजीव काही तयार होतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘खजुराहो’ला वेळ द्यावा लागतो आणि तो सार्थकी लागतो. ‘लीव्हिंग होम’मध्ये सुश्मितची गिटार सगळ्यात मोकळी वाटते, ती पाश्चात्त्य रॉकच्या ठरीव वळणांनी जात नाही, सुरांवर रेंगाळते. ‘कौन’वर जीव टाकणारे पुष्कळ आहेत. माझा जीव मात्र ‘मा रेवा’त आणि ‘कंदीसा’त.

या अल्बमचा प्रसार झाला तो बराचसा हॉस्टेलांतून. एकाकडे असलेल्या कॅसेटवरून दुसऱ्यानं भरून घेतली, मग सीडी आल्या, मग कॉम्प्युटरच्या जोडणीवरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फाइली गेल्या. कंपनीच्या खात्यात यातलं किती जमा झालं, कुणास ठाऊक. पण बँडला त्यातून श्रोते मिळाले, आणि ते श्रोते तिकीट काढून कार्यक्रमांना आले. राहुल राम मंचावर गाण्याआधी ते कुठून आलं ते सांगायचा, नदीचं, खोऱ्याचं, कवीचं. लोकही मन लावून ऐकायचे. आणि ‘कंदीसा’ सुरू झालं की सबंध मैदान ते अनोळखी शब्द अचूक म्हणायचं. त्यांतले बहुतेक ख्रिस्ती नव्हते, मल्याळी नव्हते, आणि सीरियाक तर कुणालाच येत नव्हती.

पुढचा प्रवास अनेकांना ठाऊक आहे. २००३ मध्ये कबीराच्या पदाचं नाव घेऊन ‘झीनी’ आला. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरच्या ‘ब्लॅक फ्रायडे’साठी त्यांनी संगीत दिलं, पीयूष मिश्रांनी लिहिलेलं ‘बंदे’ त्यातलंच. तो सिनेमा न्यायालयीन अडथळ्यांमुळे २००७ पर्यंत अडकला, पण गाणं त्याच्या आधीच लोकांपर्यंत पोचलं होतं. २५ डिसेंबर २००९ ला असीम गेला. त्याच्या आवाजातली शेवटची ध्वनिमुद्रणं ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बममध्ये आहेत. दिल्लीच्या करोल बागेतल्या ज्या घरात हे चौघं सराव करायचे, त्या घराचा हा पत्ता. २०१० मध्ये त्यांनी यातली गाणी महिन्याला एक याप्रमाणे फुकट उतरवून घ्यायला खुली केली. ज्यांनी एकमेकांना भरून देत देत बँड वाढवला, त्या श्रोत्यांवर ठेवलेला हा विश्वास मला मनापासून भावला. त्याच वर्षी जयदीप वर्मांचा ‘लीव्हिंग होम’ हा बँडवरचा माहितीपट आला आणि तो चक्क चित्रपटगृहांत लागला. २०१३ मध्ये सुश्मितही बाहेर पडला. बँड नव्या साथीदारांसह चालू राहिला. २०१४ चा ‘तांदानू’ आणि २०२३ चा ‘तू है’ दोन्ही ऐकण्यासारखे आहेत.

‘कंदीसा’नंतर देशी गाण्याला गिटार जोडणाऱ्यांचं पेव फुटलं. पुष्कळांनी संताचं एक पद घेतलं, ड्रम्स चढवले आणि काम झालं असं मानलं. इंडियन ओशनचं तसं नव्हतं. त्यांच्या गाण्यांमागे माणसं होती, चळवळी होत्या, आणि मुख्य म्हणजे न कंटाळता एकत्र बसून केलेला सराव होता. श्रोत्यांना हा फरक कळला, म्हणूनच पंचवीस वर्षांनीही ‘कंदीसा’चं नाव निघालं की लोक आपण तो पहिल्यांदा कुणाकडून ऐकला ते सांगू लागतात. भारतात झालेल्या रॉक अल्बमांमध्ये मी याला आजही पहिला नंबर देतो.

तुम्ही तो ऐकला नसेल, किंवा फोनवर त्यातलं एखादंच गाणं अधूनमधून कानावर पडत असेल, तर एकदा सातही गाणी क्रमानं, सलग ऐका. ‘खजुराहो’ लांब आहे म्हणून पुढे ढकलू नका. आणि आवडला, तर घरातल्या विशीतल्या पोराला किंवा पोरीला ऐकवा.