मुंबईमार्गे आफ्रिका

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत पाय पसरले ते लंडनच्या हुकमाने. पण त्यासाठी लागणारं सैन्य, कायदे, चलन आणि मजूर आले हिंदुस्थानातून, आणि त्यातलं बरंच काही मुंबई इलाख्यातून. त्या व्यवहाराचा हा मागोवा.

१३ एप्रिल १८६८ रोजी इथिओपियातला मगदला हा डोंगरी किल्ला ब्रिटिश फौजेने जिंकला. सम्राट तेवोद्रोस दुसरा शत्रूच्या हाती लागला नाही. फौज दरवाजातून आत शिरत असताना त्याने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतलं. ते पिस्तूल काही वर्षांपूर्वी राणी व्हिक्टोरियानेच त्याला भेट म्हणून पाठवलेलं होतं.

या फौजेचा प्रमुख सर रॉबर्ट नेपियर हा मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. फौजेतले बहुसंख्य शिपाई हिंदी होते. मोहिमेची जुळवाजुळव मुंबईत झाली होती, आणि अवजड तोफा वाहायला नेलेले हत्तीही मुंबईच्या बंदरातूनच जहाजांवर चढवले होते.

आफ्रिकेतलं ब्रिटिश साम्राज्य म्हटलं की आपल्याला सेसिल ऱ्होड्स आठवतो, हिऱ्यांच्या खाणी आठवतात, बर्लिनच्या परिषदेत नकाशावर ओढलेल्या रेघा आठवतात. यात हिंदुस्थान कुठे दिसत नाही. प्रत्यक्षात त्या खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांनी जे उभं केलं, त्याचा पाया हिंदुस्थानच्या जिवावर घातला गेला.

अनुत्तरित पत्र

तेवोद्रोस १८५५ मध्ये गादीवर आला. आपसांत भांडणाऱ्या सरदारांना नमवून त्याला एकसंध राज्य उभारायचं होतं. त्यासाठी बंदुका आणि त्या घडवणारे कारागीर हवे होते. १८६२ मध्ये त्याने राणी व्हिक्टोरियाला मैत्रीचं पत्र लिहिलं. लंडनला पोहोचलेल्या त्या पत्राला कोणी उत्तरच दिलं नाही. हा अपमान त्याच्या जिव्हारी लागला. जानेवारी १८६४ मध्ये त्याने ब्रिटिश वकील कॅमेरॉन याला कैदेत टाकलं. त्याच्या सुटकेची बोलणी करायला होर्मुझ्द रस्साम याला पाठवण्यात आलं. हा मूळचा मोसुलचा, आणि नोकरीला एडनमध्ये. एडन इंग्रजांनी १८३९ मध्ये घेतलं होतं आणि तिथला कारभार मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता. १८६६ मध्ये सम्राटाने रस्सामचं आधी स्वागत केलं, नंतर त्यालाही अडकवून ठेवलं.

ऑगस्ट १८६७ मध्ये लंडनने युद्धाचा निर्णय घेतला आणि काम मुंबईवर सोपवलं. कारण सोपं होतं. सुएझ कालवा खुला व्हायला अजून दोन वर्षं होती. इंग्लंडहून सगळं सैन्य आणि सामान आणायचं तर आफ्रिकेला वळसा घालावा लागला असता. मुंबईहून अरबी समुद्र ओलांडला की तांबडा समुद्र. शिवाय खडी फौज, तिला रसद पुरवणारं खातं, जनावरं, डोलीवाले, स्वयंपाकी, भिश्ती हे सगळं इथे तयार होतं.

तांबड्या समुद्रावरच्या झुलाच्या उजाड किनाऱ्यावर जे उतरलं ते फिरतं शहरच होतं. सुमारे १३,००० सैनिक, त्यांच्या दुप्पट, म्हणजे सुमारे २६,००० नोकरचाकर आणि ४०,००० च्या आसपास जनावरं. तिथे ना धक्का होता, ना गोडं पाणी. मग धक्के बांधले गेले, समुद्राचं पाणी उकळून त्याच्या वाफेपासून पिण्याचं पाणी मिळवलं गेलं, किनाऱ्यापासून डोंगराच्या दिशेने रूळ टाकले गेले. ४४ हत्ती पट्ट्यांनी बांधून जहाजांमधून उचलून खाली घेतले. पैशाची अडचण वेगळीच होती. त्या भागात लोक फक्त मारिया थेरेसा हिची छबी असलेला चांदीचा थालर घेत. ऑस्ट्रियाची ही सम्राज्ञी १७८० मध्येच वारली होती, तरी तिच्या नावाची नाणी व्हिएन्नाच्या टांकसाळीत नव्याने पाडून घ्यावी लागली. वाटेतल्या गावांकडून धान्य, चारा, खेचरं विकत घेतली गेली ती याच नाण्यांवर.

सुमारे ६४० किलोमीटरची डोंगरवाट तुडवत फौज मगदल्याला भिडली. १० एप्रिलला पायथ्याच्या अरोगे पठारावर लढाई झाली. इंग्रज पलटणींकडे मागून काडतूस भरायच्या नव्या स्नायडर बंदुका होत्या, अग्निबाण होते. इथिओपियन बाजूचे सुमारे ७०० लोक काही तासांत मारले गेले. ब्रिटिश बाजूचे मृत्यू अवघे दोन. त्यानंतर तेवोद्रोसने युरोपीय कैद्यांना सोडून दिलं. ज्यासाठी मोहीम निघाली ते काम तिथेच पुरं झालं होतं, तरीही तीन दिवसांनी किल्ल्यावर हल्ला झाला.

मग लूट झाली. मुकुट, चर्चमधली सोन्याची भांडी, शेकडो हस्तलिखितं, आणि इथिओपियन चर्चमध्ये सर्वांत पवित्र मानले जाणारे ताबोत, म्हणजे वेदीवरचे कोरीव फलक. हा ऐवज वाहायला १५ हत्ती आणि जवळजवळ २०० खेचरं लागली. वाटेत पठारावर त्याचा लिलाव झाला, आणि बोली लावणाऱ्यांमध्ये ब्रिटिश म्युझियमचा प्रतिनिधीही होता. किल्ल्याला आग लावून फौज परत फिरली. तेवोद्रोसचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू याला इंग्लंडला नेण्यात आलं. आई वाटेतच वारली. तो १८७९ मध्ये अवघ्या अठराव्या वर्षी परक्या देशात मरण पावला आणि विंडसरला पुरला गेला. त्याचे अवशेष मायदेशी द्यावेत ही इथिओपियाची मागणी ब्रिटिश राजघराण्याने २०२३ मध्येही नाकारली.

इंग्रजांनी त्या खेपेला इथिओपियाची इंचभर जमीन घेतली नाही. पण अरबी समुद्रापलीकडे केव्हाही फौज उतरवता येते, एवढं त्यांनी सिद्ध करून दाखवलं.

बिल कोणाच्या नावावर?

मोहिमेचा खर्च सुरुवातीला २० लाख पौंड धरला होता. तो चौपटीहून अधिक वाढला. जादा खर्च ब्रिटनने सोसला, पण हिंदी पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीतून चालू राहिला. १८५८ च्या कायद्यानुसार हिंदुस्थानचा महसूल सरहद्दीबाहेरच्या लष्करी मोहिमेवर खर्च करायला पार्लमेंटची संमती लागे. नोव्हेंबर १८६७ मध्ये पार्लमेंटने ती दिली. युक्तिवाद असा की हे शिपाई हिंदुस्थानात बसून राहिले असते तरी त्यांना पगार द्यावाच लागला असता.

त्याच महिन्यात दादाभाई नौरोजींनी लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे या खर्चावर निबंध वाचला आणि हा बोजा हिंदुस्थानवर टाकण्याला विरोध केला. त्यांच्या म्हणण्यातलं बळ उघड आहे. हजारो शिपाई महिनोन् महिने बाहेर पाठवूनही देश सुरक्षित राहतो, तर गरजेपेक्षा मोठं सैन्य रयतेच्या डोक्यावर का ठेवायचं? आणि ते साम्राज्यासाठी राखून ठेवलं असेल, तर त्याचा भार एकट्या हिंदुस्थानने का उचलायचा?

पार्लमेंटमध्येही आक्षेप घेतला गेला. काही महिन्यांपूर्वीच हिंदुस्थानमंत्रिपद सोडलेल्या लॉर्ड क्रॅनबोर्नने बजावलं की, पूर्वेच्या समुद्रांतली इंग्रजांची फुकटची बराक, असं हिंदुस्थानकडे पाहू नये. हाच गृहस्थ पुढे लॉर्ड सॅलिसबरी म्हणून पंतप्रधान झाला. १८९६ मध्ये सुदानच्या सुआकिन बंदरात हिंदी फौज गेली आणि तिचा नेहमीचा खर्च पुन्हा हिंदुस्थानच्या माथी मारला गेला, तेव्हा सत्तेवर त्याचंच सरकार होतं. माणसाला तत्त्व कळलेलं होतं. सोय आड आली.

पुढच्याच वर्षी पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्षीला उभे राहिले. त्यांनी परदेशी मोहिमांची यादीच मांडली. ॲबिसिनिया म्हणजे इथिओपिया, मलायातलं पेराक, इजिप्त, सुदान, सुआकिन. पेराक सोडलं, तर तीस वर्षांत आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यात एकाच पद्धतीने, एकाच तिजोरीला हात घालून लढाया झाल्या होत्या.

झांजिबारचा सुलतान आणि नाशिकचे विद्यार्थी

किनाऱ्यावर खरी सत्ता वेगळ्या वाटेने आली. झांजिबार हे लवंग, हस्तिदंत आणि गुलामांच्या व्यापाराचं केंद्र. ओमानहून आलेल्या सुलतानाची तिथे गादी होती. जकातीचा मक्ता बराच काळ कच्छी भाटिया जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. हिंदी व्यापारी ब्रिटिश प्रजा ठरत, आणि त्यांच्या हिताचं निमित्त करून ब्रिटिश वकिलाचा शब्द दरबारात वजनदार होत गेला. १८६१ मध्ये ओमान आणि झांजिबार यांच्यातल्या वारसाहक्काच्या वादाचा निवाडा केला तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग याने. झांजिबारचा सुलतान असलेल्या भावाविरुद्ध बंड करून फसलेल्या बरगशला हद्दपार करून पाठवलं गेलं मुंबईला. पुढे १८७० मध्ये तोच सुलतान झाला.

१८७२ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांना गुलामांचा व्यापार थांबवण्याचा करार करायला झांजिबारला पाठवलं. बरगशने आधी नकार दिला. नौदलाच्या नाकेबंदीची धमकी आली तेव्हा त्याने १८७३ मध्ये सही केली आणि गुलामांचा बाजार बंद झाला. हे काम निःसंशय चांगलं होतं. त्याचबरोबर सुलतान कोणाच्या ताब्यात आहे, हेही त्या सहीने जगजाहीर झालं.

या कथेचा एक धागा नाशिकला पोहोचतो. समुद्रात पकडलेल्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत आणली जात. त्यांतली अनेक नाशिकजवळच्या शरणपूर इथल्या मिशनच्या आश्रमात वाढली. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली. डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८६६ च्या सफरीसाठी नाशिकच्या शाळेतली मुलं सोबत नेली होती. १८७३ मध्ये तो आफ्रिकेच्या आत मरण पावला, तेव्हा त्याचं शव हजार मैलांहून जास्त अंतर खांद्यावरून वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्यांमध्ये जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला तरुण होता. झाडाच्या खोडावर मृत्यूचा लेख त्यानेच कोरला. शरणपूरचे पाद्री प्राइस यांनी पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत उभारली. तिला नाव दिलं फ्रियरटाउन. लहानपणी ज्यांना जन्मभूमीतून पळवलं, ते ‘बॉम्बे आफ्रिकन’ या ओळखीने परतले, आणि ब्रिटिशांच्या वाढत्या सत्तेत दुभाषे, शिक्षक, कारागीर झाले.

रुपया, दंडसंहिता आणि रूळ

१८८६ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीने झांजिबारच्या सुलतानाच्या मुलखाची आपसांत वाटणी केली. त्याच्याकडे बेटं आणि किनाऱ्याची दहा मैलांची पट्टी उरली. १८८८ मध्ये इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीला सनद मिळाली. तिचा सूत्रधार विल्यम मॅकिनन याची बोटींची कंपनी हिंदुस्थानच्या व्यापारावर वाढलेली. १८९० मध्ये झांजिबार संरक्षित राज्य झालं, १८९४ मध्ये युगांडा, आणि कंपनी डबघाईला आल्यावर १८९५ मध्ये आजचा केनिया.

राज्य तर घेतलं. ते चालवायचं कसं? तयार सामग्री होती हिंदुस्थानात. चलन रुपयाचं ठेवलं. १८९७ मध्ये भारतीय दंडसंहितेसह हिंदुस्थानचे अनेक कायदे तिथे लागू केले. झांजिबारच्या ब्रिटिश न्यायालयातल्या निकालावरचं अपील मुंबई उच्च न्यायालयात येई. कचेऱ्यांमध्ये गोव्याचे कारकून बसले. किनाऱ्यावर मझरुई घराण्याच्या मुबारक बिन रशीदने बंड केलं, तेव्हा १८९६ मध्ये ते मोडायला मुंबई लष्कराची पलटण उतरली.

त्याच वर्षी मोंबासाहून रेल्वेचं काम सुरू झालं. रूळ हिंदुस्थानातल्यासारखेच मीटरगेज, म्हणजे इथली इंजिनं तिथे चालावीत. सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेले, बहुतेक पंजाबातले. १९०१ मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवराला भिडले, तोवर त्यांतले सुमारे २,५०० मजूर मेले होते. या रुळांनी ज्यांची जमीन कापली, त्या नांदी लोकांनी दहा वर्षं झुंज दिली. १९०५ मध्ये त्यांचा नेता कोइतालेल अराप सामोई याला बोलणीसाठी बोलावून एका ब्रिटिश अधिकाऱ्याने गोळी घातली. तिथल्या सुपीक डोंगराळ जमिनी पुढे गोऱ्या मळेवाल्यांना मिळाल्या.

दोन बाजूंचा हिशेब

दादाभाई आणि गोखले यांनी मांडलेला हिशेब हिंदुस्थानच्या तिजोरीचा होता आणि तो रास्त होता. गुलाम देशाच्या करातून दुसऱ्या देशांना गुलाम केलं जात होतं. पण त्या जमाखर्चात मगदल्याची राख, अलेमायेहूचं बालपण आणि नांदींची जमीन नाही. तो हिशेब आफ्रिकेचा, आणि तिथल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं तर बंदूक रोखून उभा असलेला शिपाई बहुधा हिंदी होता.

त्या शिपायाला दोष देऊन काही साधत नाही. पोटासाठी तो पलटणीत गेला, हुकूम झाला तिथे लढला. रेल्वेवरचा मजूरही करारानेच बांधलेला होता. पण साम्राज्य एका वसाहतीच्या हातांनी दुसरी वसाहत कशी बांधतं, हे ओळखायला याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. खडकीला ठाणं असलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या युद्धसन्मानांत ‘ॲबिसिनिया’ हे नाव आजही आहे. त्या सैनिकांच्या कौशल्याबद्दल आदर ठेवूनही, त्यांना कोणासाठी आणि कोणाविरुद्ध वापरलं गेलं हे सांगणं आपलंच काम आहे. लुटलेले ताबोत परत द्या, असं इथिओपिया आज लंडनला सांगतो तेव्हा तो वाद दोन परक्या देशांमधला नाही. मुंबईच्या बंदरातून निघालेल्या फौजेने नेलेला ऐवज तो परत मागतो आहे. म्हणून त्या मागणीच्या बाजूने भारताने आणि भारतातल्या अभ्यासकांनी उघडपणे उभं राहायला हवं.