सर्व्हरवरची खतावणी

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात पैसा ज्या वाटांनी फिरतो त्यांपैकी बहुतेक वाटा संस्थांच्या आहेत. पीककर्ज गावच्या विकास सोसायटीतून मिळते, उसाचे बिल कारखान्याकडून, दुधाचा पगार डेअरीकडून आणि शेतमालाची पट्टी बाजार समितीतल्या अडत्याकडून येते, आणि त्यातून उरलेले चार पैसे पतसंस्थेत ठेव म्हणून जातात. यांतील प्रत्येक ठिकाणी रोजकीर्द लिहिली जाते, म्हणजे व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने नोंदवले जातात. त्यांवरून खतावणी होते, म्हणजे प्रत्येक व्यवहार आपापल्या खात्याच्या पानावर जातो. खात्यांच्या शिल्लकांची तेरीज काढून दोन्ही बाजू जुळल्या की वर्षअखेरीस ताळेबंद तयार होतो. नाना फडणीस यांच्या मेणवली दप्तरामुळे सातारा जिल्ह्याला हिशेबी कागदांची ओळख जुनीच आहे, आणि हे शब्द त्या काळापासून आजच्या लेखापरीक्षकाच्या अहवालापर्यंत फारसे बदललेले नाहीत. बदलले आहे ते दप्तराचे ठिकाण. ते आता संगणकाच्या सर्व्हरवर, म्हणजे अखंड चालू राहून अनेकांच्या मागण्या पुरवणाऱ्या एका यंत्रावर जाऊ लागले आहे, आणि तेथे ते कसे बसवले जाते हे संस्थांच्या बहुतेक संचालकांना ठाऊक नसते.

महाराष्ट्रातल्या पेठांमध्ये हिशेबाचे सॉफ्टवेअर म्हणजे टॅली, असे समीकरण गेली अनेक वर्षे आहे. टॅलीची मूळ रचना कार्यालयातल्या संगणकावर बसवण्याच्या सॉफ्टवेअरची आहे. हिशेब त्या संगणकाच्या तबकडीत राहतो आणि मुख्यतः कार्यालयातूनच पाहिला जातो. वेबवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची रचना मुळातच वेगळी असते. त्यात हिशेब आणि तो करणारा कार्यक्रम दोन्ही सर्व्हरवर असतात, आणि लिपिक, सचिव, अध्यक्ष किंवा लेखापरीक्षक आपापल्या ब्राउझरमधून आपापल्या परवानगीपुरते आत जातात. शाखा फलटणला, संकलन केंद्र साखरवाडीला आणि लेखापरीक्षक साताऱ्याला असला, तरी सर्वांसमोर खतावणी एकच असते, आणि या रचनेचा खरा फायदा तेवढाच आहे. बाकी जे जाहिरातींत सांगितले जाते ते टॅलीवरही बहुतांशी होत होते.

अशा सॉफ्टवेअरच्या दोन उल्लेखनीय परंपरा महाराष्ट्रातच, मुंबईत, वाढल्या. पहिली जीएनयूखाता. कृष्णकांत माने या दृष्टिहीन प्रोग्रामरच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या या सॉफ्टवेअरमध्ये हिशेबाचे नियम सांभाळणारा गाभा आणि लोकांना दिसणारा वेबचा दर्शनी भाग हे दोन स्वतंत्र कार्यक्रम ठेवलेले आहेत, आणि माहिती साठवण्यासाठी पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस वापरला आहे. दुसरी ईआरपीनेक्स्ट. ऋषभ मेहता यांनी कुटुंबाच्या फर्निचरच्या व्यवसायातील गरजेपोटी आरंभलेल्या कामातून २००८ मध्ये मुंबईत एक कंपनी उभी राहिली, तीच आज फ्रॅपे या नावाने ओळखली जाते. ईआरपीनेक्स्टमध्ये लेखांकनाबरोबर साठा, खरेदी आणि विक्रीही येतात. दोन्ही सॉफ्टवेअर मुक्त आहेत, म्हणजे त्यांचा मूळ सोर्स कोड कोणालाही वाचता, बदलता आणि स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतो आणि त्यासाठी परवान्याची फी पडत नाही. फी पडत नाही याचा अर्थ खर्च पडत नाही असा मात्र नव्हे. तो खर्च सर्व्हरच्या भाड्यात आणि त्याहून अधिक माणसाच्या वेळात जातो.

ईआरपीनेक्स्ट बसवण्याची सुरुवात लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालणाऱ्या, साधारण ४ जीबी स्मृतीच्या सर्व्हरपासून होते. त्यावर एकमेकांवर अवलंबून असलेल्या अनेक गोष्टी आधी आणाव्या लागतात : कार्यक्रम ज्या भाषेत लिहिला आहे ती पायथन, नोंदी कायम साठवणारा मारियाडीबी हा डेटाबेस, वारंवार लागणारी माहिती आणि रांगेतली कामे तात्पुरती हाताशी ठेवणारा रेडिस, ब्राउझरकडून आलेली मागणी योग्य दारी पोहोचवणारा एनजिनएक्स, आणि यांतला एखादा भाग बंद पडला तर तो पुन्हा सुरू करणारा देखरेखीचा कार्यक्रम. या सर्वांची जुळवाजुळव करण्यासाठी बेंच नावाचे साधन आहे; त्याच्या आज्ञांनी आधी कामाची चौकट उभी राहते, मग साइट तयार होते आणि शेवटी त्या साइटवर ईआरपीनेक्स्ट चढवले जाते. साइट म्हणजे येथे एका संस्थेचे स्वतंत्र दप्तर, कारण प्रत्येक साइटला स्वतःचा वेगळा डेटाबेस असतो आणि एकाच सर्व्हरवर पतसंस्था व दूध संस्था शेजारी नांदल्या तरी एकीच्या नोंदी दुसरीला दिसत नाहीत. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण गुप्त ठेवणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून विनामूल्य मिळते, पण त्याची मुदत सध्या ९० दिवसांची असल्यामुळे त्याच्या आपोआप नूतनीकरणाची व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवावी लागते.

मराठी संस्थेच्या दृष्टीने या मांडणीतील दोन जागा विशेष जपण्याच्या आहेत. पहिली अक्षरांच्या साठवणीची. संगणक प्रत्येक अक्षर बाइट या एककात साठवतो. यूटीएफ-८ या पद्धतीत मराठीत लागणाऱ्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, तर २०१४ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झालेल्या मोडी लिपीच्या चिन्हांना चार. मारियाडीबी ज्या घराण्यातला आहे त्या मायएसक्यूएलची जुनी यूटीएफ-८ मांडणी तीनच बाइटांपर्यंत पोहोचत असे. त्यामुळे तीत देवनागरी मावत होती, पण ज्या लिपीत मराठी हिशेब शतकानुशतके लिहिले गेले ती मोडी मावत नव्हती. ईआरपीनेक्स्ट बसवताना चार बाइटांची मांडणी सक्तीची असते आणि ती डेटाबेसच्या सेटिंगमध्ये आधीच लिहावी लागते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडीत कीर्द लिहिणारे फारसे कोणी उरले नाही, तेव्हा या सोयीचा व्यावहारिक उपयोग शून्य आहे. तरीही योग्य मांडणी असलेला सर्व्हर निदान तत्त्वतः फडणिशी दप्तर जसेच्या तसे सामावू शकतो, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

दुसरी जागा छपाईची. पडद्यावर मराठी नीट दिसते, कारण ते उमटवण्याचे काम वाचणाऱ्याचा संगणक करतो; पावतीची पीडीएफ मात्र सर्व्हरवर तयार होते आणि सर्व्हरवर देवनागरी फाँट नसेल तर सभासदाच्या नावाच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग छापली जाते. लोहित किंवा नोटो यांसारखा मुक्त फाँट सर्व्हरवर टाकला की हा प्रश्न मिटतो, पण बसवणाऱ्याने चाचणीची पावती इंग्रजी नावाने काढली असेल तर तो पहिल्या खऱ्या सभासदासमोरच उघडा पडतो.

एवढे काम जाणत्या माणसाला एका दिवसात जमते. त्यानंतर आरंभीच्या शिल्लका चढवण्याचे काम येते, आणि तेथे महिने जातात. जुन्या वह्यांतील प्रत्येक खात्याची बाकी नव्या खतावणीत आणताना दुहेरी नोंदीचा नियम, म्हणजे प्रत्येक रक्कम एका खात्याच्या नावे आणि तेवढीच दुसऱ्या खात्याच्या जमेला पडली पाहिजे हा नियम, सुटत नाही. म्हणून ईआरपीनेक्स्ट आरंभीच्या नोंदींसाठी एक तात्पुरते खाते पुरवते, ज्याच्याविरुद्ध सर्व बाक्या लिहिल्या जातात आणि सर्व लिहून झाल्यावर ज्याची शिल्लक शून्य यायला हवी. ती शून्य आली नाही, तर जुन्या वह्यांमध्ये काही तरी जुळत नव्हते किंवा बाक्या चढवताना काही तरी चुकले असा त्याचा अर्थ होतो. कागदावर असा फरक उचंत खात्यात, म्हणजे ज्या रकमेचे योग्य घर सापडलेले नाही तिच्या तात्पुरत्या मुक्कामात, वर्षानुवर्षे पडून राहू शकत होता. सर्व्हर तो बाक्या चढवून झाल्याबरोबर एका ओळीत मांडतो.

विकास सोसायट्यांच्या बाबतीत याहून वेगळा एक फरक नेमक्या नावाने ओळखला जातो. सोसायटी जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून कर्ज घेऊन ते सभासदांना वाटते, त्यामुळे तिचे बँकेला देणे आणि तिचे सभासदांकडून येणे यांचा मेळ बसला पाहिजे. देणे येण्यापेक्षा जास्त झाले तर त्या वाढीव देण्यामागे कोणाचेही येणे उभे नसते, आणि सहकार खात्याच्या भाषेत या स्थितीला अनिष्ट तफावत म्हणतात. तिची कारणे वसुलीच्या विनियोगात, व्याजाच्या आकारणीत, प्रशासकीय खर्चात आणि क्वचित अपहारातही असतात. सॉफ्टवेअर बसवल्याने यांतले एकही कारण नाहीसे होत नाही. ज्या सोसायटीने नव्या प्रणालीकडे जाण्यापूर्वी सभासदवार याद्या बँकेच्या खातेउताऱ्यांशी ताडून घेतलेल्या नसतात, तिची जुनी तफावत नव्या, अधिक विश्वासार्ह दिसणाऱ्या छापील ताळेबंदात जशीच्या तशी जाऊन बसते, आणि हा धोका कागदी वहीपेक्षा मोठा मानायला हवा.

खाडाखोडीच्या बाबतीत मात्र सर्व्हरची बाजू निर्विवाद वरचढ आहे. ईआरपीनेक्स्टमध्ये नोंद आधी मसुदा असते. ती सादर केली की खतावणीत उतरते आणि मग तिच्यातली रक्कम गुपचूप बदलता येत नाही. चूक सापडली तर ती नोंद रद्द करावी लागते, रद्द केल्यावर मूळ नोंद पुसली न जाता तिच्या उलट नोंदी पडतात, आणि दुरुस्त प्रत मूळ क्रमांकाला पुढचा आकडा जोडून वेगळी उभी राहते. ठरावीक तारखेपर्यंतची खाती गोठवण्याचीही सोय आहे, जिच्यामुळे लेखापरीक्षण झालेल्या वर्षात मागाहून शिरता येत नाही. कंपनी कायद्याखालील नियमांनी १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा बदलांची न थांबवता येणारी नोंदवही सक्तीची केली आहे, आणि इलेक्ट्रॉनिक दप्तराची प्रत भारतातच असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवण्याचे बंधनही घातले आहे. शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखाली नोंदलेली असल्याने तिला हे लागू होते. शेजारची दूध संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली असल्याने तिला होत नाही, जरी दोघींचे सभासद पुष्कळदा तेच शेतकरी असले तरी. या संरक्षणालाही एक मर्यादा आहे, आणि ती विक्रेते सहसा सांगत नाहीत : ज्याच्या हाती सर्व्हरचा सर्वाधिकारी पासवर्ड आहे तो ईआरपीनेक्स्टला वळसा घालून थेट डेटाबेसमधला आकडा बदलू शकतो. कीर्द लिहिणारा आणि तिजोरीची किल्ली बाळगणारा हे दोघे वेगळे असावेत, हा जुना दंडक येथे हिशेबनीस आणि सर्व्हरचा व्यवस्थापक वेगळे असावेत असा वाचायला हवा.

दप्तर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावे की नाही, या प्रश्नाचे विकास सोसायट्यांपुरते उत्तर दिल्लीहून आले आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे याच विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची योजना केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी मंजूर केली. तिच्या पहिल्या आराखड्यात ६३ हजार संस्था आणि २,५१६ कोटी रुपये धरलेले होते, आणि नाबार्ड या शेती व ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेच्या देखरेखीखालील एकच सामायिक, क्लाउडवर चालणारे सॉफ्टवेअर देशभर वापरण्याचे ठरले. क्लाउड म्हणजे दुसऱ्याने चालवलेले आणि मागणीनुसार वाटून दिलेले सर्व्हर. या रचनेत गावच्या सचिवाला लिनक्स, डेटाबेस किंवा प्रमाणपत्र यांच्याशी काही कर्तव्य नसते. हिशेबाचा नमुना सर्वत्र एक राहतो आणि जिल्हा बँकेशी जोडणी सोपी होते. मोबदल्यात खात्यांची रचना, अहवालांचे स्वरूप आणि बदलाचा वेग हे सारे गावाबाहेर ठरते. पीककर्ज वाटणाऱ्या छोट्या सोसायटीसाठी हा सौदा योग्यच म्हणावा लागेल, कारण एका सचिवाकडे अनेक गावे असण्याची पद्धत जेथे रूढ आहे तेथे सर्व्हर सांभाळण्याची अपेक्षा करणे हास्यास्पद ठरेल. पतसंस्था, खरेदी-विक्री संघ, शिक्षणसंस्था आणि उत्पादक कंपन्या यांना मात्र असे तयार छत्र नाही, आणि निवडीचा प्रश्न खरा त्यांच्यापुढे आहे.

सर्व्हर कार्यालयात ठेवला तर वीज, बॅटरी आणि चोरी यांची चिंता संस्थेची. मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतला तर ती चिंता मिटते, पण इंटरनेट गेले की काउंटर थांबतो. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी चालणारे दूध संकलन थांबून चालत नाही, म्हणून वजन आणि फॅट यांची नोंद जागेवरच्या यंत्रात घेऊन ती नंतर सर्व्हरकडे पाठवण्याची व्यवस्था अशा ठिकाणी अनिवार्य होते. दोन्ही पर्यायांत सुरक्षा प्रत हा कळीचा मुद्दा राहतो. ईआरपीनेक्स्ट ठरावीक तासांनी आपोआप प्रत काढते, परंतु ती त्याच सर्व्हरवर ठेवते, आणि सर्व्हर गेला तर तीही जाते. ती रोज दुसऱ्या ठिकाणी पाठवणे आणि अधूनमधून एखाद्या रिकाम्या संगणकावर ती प्रत्यक्ष उभी करून तेरीज जुळते का ते पाहणे, ही कामे कोणाच्या तरी नावावर लिहिलेली असावी लागतात. गुप्त माहिती उलगडणारी किल्ली साइटच्या स्वतंत्र फाइलमध्ये असते आणि ती प्रतीबरोबर जपली नाही, तर हिशेब परत मिळतो पण साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत.

सचिव बदलला की चार्ज देण्याघेण्याची यादी होते. तीत हातावरची रोकड, बँकेचे चेकबुक, रबरी शिक्के, कपाटाच्या किल्ल्या आणि वह्यांचे शेवटचे पान क्रमांक लिहून दोघांच्या सह्या घेतल्या जातात. ज्या संस्थेने सर्व्हर घेतला आहे तिच्या यादीत सर्व्हरचा सर्वाधिकारी पासवर्ड, गुप्त किल्लीची फाइल, प्रतींचे ठिकाण आणि डोमेन, म्हणजे ज्या नावाने ब्राउझर सर्व्हर शोधतो ते नाव, यांचीही भर पडायला हवी. डोमेन दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावे लागते, आणि ज्या तरुणाने सॉफ्टवेअर बसवून दिले त्याच्याच ईमेलवर ते नोंदवलेले असेल तर मुदत संपल्याची सूचना संस्थेकडे न येता त्याच्याकडे जाते. म्हणून संचालक मंडळाने पहिल्या वर्षीच ठराव करून डोमेन आणि सर्व्हर दोन्ही संस्थेच्या नावावर घ्यावेत आणि त्यांचे बिल संस्थेच्याच रोजकीर्दीत खर्ची टाकावे.