हरण्याची मुभा असलेला संघ

मुलगा सामना खेळून घरी आला, की चप्पल काढायच्या आत त्याला प्रश्न येतो, ‘काय रे, जिंकलात का?’ तू किती वेळ मैदानात होतास, हे सहसा कोणी विचारत नाही. भारतीय फुटबॉलमध्ये मात्र एक संघ असा होऊन गेला, की ज्याच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच विचारायला हवा होता. ‘इंडियन ॲरोज’ हे त्या संघाचे नाव. तो दोनदा जन्माला आला आणि दोनदा मिटला. क्रिकेटच्या गदारोळात त्याचा जन्म आपल्या कानी आला नाही आणि मृत्यूही नाही. परंतु वाढत्या वयाच्या मुलांकडून आपण काय मागतो आणि त्यांना किती वेळ देतो, याचा विचार ज्यांना करायचा असेल, त्यांनी या संघाची कहाणी जरूर ऐकावी.

गोष्ट सुरू होते २०१० मध्ये. भारताचे राष्ट्रीय प्रशिक्षक तेव्हा बॉब हॉटन नावाचे इंग्रज गृहस्थ होते. जानेवारी २०११ मध्ये दोहा येथे होणाऱ्या आशियाई चषकासाठी भारत पात्र ठरला होता. हा मान १९८४ नंतर प्रथमच मिळत होता. आनंद होताच, पण त्याच्या पोटात काळजीही होती. बायचुंग भुतियासारखा मोहरा तिशी ओलांडून गेला होता. त्याच्या मागे कोण? देशातील मुख्य साखळी स्पर्धा, म्हणजे ‘आय लीग’, पाहिली तर उत्तर सापडत नव्हते. गोल करायचे काम बहुतेक क्लबांनी परदेशी खेळाडूंवर सोपवलेले. क्लबचालकांचा तरी काय दोष? त्यांना विजय हवा होता आणि तयार माल परदेशातून मिळत होता. अठरा-एकोणीस वर्षांचा आपला पोरगा मात्र राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून सामना बघत होता. बाकावर बसून फुटबॉल येत नाही; पाण्यात न उतरता पोहणे येत नाही, तसेच ते.

यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तोडगा काढला, तो असा : महासंघाचाच एक संघ बनवायचा, त्यात सगळी तरुण मुले घ्यायची, परदेशी खेळाडू एकही नाही, आणि हा संघ थेट आय लीगमध्ये मोठ्यांशी खेळवायचा. तळाला राहिला तरी त्याला खालच्या श्रेणीत ढकलायचे नाही. थोडक्यात, हरण्याची मुभा. डोळ्यांपुढे ध्येय होते ते २०१८ च्या विश्वचषक पात्रता फेरीचे. सुरुवातीला संघाचे नाव ‘एआयएफएफ इलेव्हन’ असे रुक्ष होते. ते लवकरच ‘इंडियन ॲरोज’ झाले. डेस्मंड बल्पिन हे त्याचे पहिले प्रशिक्षक. योगायोग असा, की याच वर्षी मुंबईतला ‘महिंद्र युनायटेड’ हा नामवंत क्लब बंद पडला. एक जुने झाड पडत होते आणि दुसरीकडे एक रोपटे लावले जात होते.

पहिल्याच मोसमात या रोपट्याला फळ धरले. मिझोरमच्या जेजे लालपेखलुआने २०१०-११ च्या आय लीगमध्ये १३ गोल केले. एरवी हा मुलगा एखाद्या मोठ्या क्लबात शेवटची दहा मिनिटे खेळला असता. इथे तो आघाडीचा हुकमी खेळाडू होता, कारण त्याच्या जागेवर दुसरा कोणी आणलेलाच नव्हता. पुढे याच जेजेने भारतासाठी वीसहून अधिक गोल केले. आपल्या महाराष्ट्राचा राजू गायकवाड याच संघात बचावफळीत होता. हाताने फेकलेला त्याचा चेंडू थेट गोलपुढे पडत असे, आणि त्या लांबलचक फेकीसाठी तो पुढे देशभर ओळखला गेला.

२०११ मध्ये पैलान समूहाचे प्रायोजकत्व मिळाले आणि संघ ‘पैलान ॲरोज’ होऊन कोलकात्याला गेला. नागपूरचा ऑल्विन जॉर्ज, पुढे भारताच्या बचावफळीत स्थिरावलेला प्रीतम कोटल, मध्यरक्षक प्रणय हलदर ही मुले इथलीच. संघ हरत होता, पण मुले घडत होती. ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास यांनीही काही काळ त्यांना शिकवले. मग २०१३ मध्ये प्रायोजकाचा पैसा थांबला आणि महासंघाने संघ गुंडाळून टाकला. ज्या २०१८ साठी सारा खटाटोप केला होता, ते साल अजून पाच वर्षे दूर होते.

दुसरा जन्म झाला तो २०१७ मध्ये, आणि त्याला निमित्त झाला १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक. तो भारतात भरला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्यापैकी कित्येकजण मुलाबाळांसह गेले असतील. देशभर मिळून १३ लाखांहून अधिक प्रेक्षकांनी ही स्पर्धा मैदानावर जाऊन पाहिली. भारतीय मुले तिन्ही सामने हरली. पण ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध संजीव स्टॅलिनने कॉर्नरवरून चेंडू उचलला आणि मणिपूरच्या जीक्सन सिंगने तो डोक्याने जाळ्यात धाडला. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा हा पहिला गोल.

स्पर्धा संपली. आता या मुलांचे करायचे काय? क्लबांत वाटून टाकली, तर पुन्हा तोच बाक. म्हणून ‘इंडियन ॲरोज’ पुन्हा उभा राहिला. विश्वचषकाचे प्रशिक्षक लुईस नॉर्टन द मातोस सोबत राहिले. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव या संघाच्या आघाडीला होता. तालमींच्या नावाने फुटबॉल खेळणाऱ्या आणि शाहू स्टेडियम भरून टाकणाऱ्या त्या गावाला याचे केवढे अप्रूप वाटले असेल, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. २०१७-१८ चा मोसम संपला तेव्हा १८ सामन्यांत १५ गुण मिळवून हा संघ शेवटच्या, म्हणजे दहाव्या क्रमांकावर होता. गुणतक्त्यात एवढेच दिसते. नोंग्डाम्बा नाओरेमने शिलाँग लाजाँगविरुद्ध अर्धा संघ चुकवून केलेला गोल त्या तक्त्यात दिसत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ॲरोज तळाला असूनही सुरक्षित होता, म्हणून त्याच्यावरच्या गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सवर खालच्या श्रेणीत जाण्याची पाळी आली. पुढे त्यांना परत घेतले, ही गोष्ट वेगळी. पण घरची मुले म्हणून एकाला वेगळा न्याय, आणि वर्षानुवर्षे पदरचे पैसे घालून क्लब चालवणाऱ्याला वेगळा, हे कुणालाही खटकणारच.

आणखी एक उणीव मी स्वतः पाहिली. २०१९-२० च्या मोसमात ॲरोजचे काही सामने मुंबईत कूपरेजवर होते. मी गेलो होतो. समोर आकाश मिश्रा, विक्रम प्रताप सिंग अशी मुले जीव तोडून धावत होती. बाकड्यांवर मात्र तुरळक माणसे. माझ्या शेजारी बसलेल्या एका आजोबांनी विचारले, ‘हे पोरगे कुठले?’ मी म्हणालो, ‘सगळ्या देशातले.’ त्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे इथले कुणीच नाही.’ त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. दिल्ली, कोलकाता, गोवा, भुवनेश्वर, मुंबई असे या संघाचे बिऱ्हाड सारखे पाठीवर. ज्याला गाव नाही, त्याला टाळ्या कोण देणार? आणि बंद करताना ‘करू नका’ म्हणणारे तरी कोण असणार?

झालेही तसेच. करोनाच्या काळात संघ कसाबसा खेळत राहिला. जुलै २०२२ मध्ये महासंघाने तो दुसऱ्यांदा बंद केला. पंचवीस-तीस मुलांवर खर्च करण्यापेक्षा युवकांची मोठी साखळी स्पर्धा घेऊन शेकडो मुलांना खेळवावे, असा विचार त्यामागे होता, आणि तो चुकीचा नाही. मलेशियाने ‘हरिमाऊ मुदा’ हा असाच संघ चालवून २०१५ मध्ये बंद केला. सिंगापूरने मात्र २००३ मध्ये सुरू केलेला ‘यंग लायन्स’ पुढे वर्षानुवर्षे चिकाटीने चालवला. मार्ग कोणता, यावर जाणत्यांचे एकमत नाही.

तरी हिशेब मांडू या. जीक्सन, सुरेश सिंग, रहीम अली, आकाश मिश्रा, मिझोरमचा अपुइया : २०२० नंतरच्या भारतीय संघांच्या याद्या काढल्या, तर ॲरोजची ही नावे पुन्हा पुन्हा भेटतात. अन्वर अलीची कथा तर सांगण्यासारखीच. २०१९ मध्ये त्याच्या हृदयात दोष आढळला आणि खेळ सोडण्याची वेळ आली. त्याने हार मानली नाही, दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला, पुन्हा मैदानात उतरला, आणि जून २०२२ मध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध त्याने भारतासाठी गोल केला. पुढच्याच महिन्यात त्याचा जुना संघ बंद झाला.

मला या साऱ्यातून एकच गोष्ट दिसते. मुलांना मोठे करायला पैसा लागतो, प्रशिक्षक लागतात, हे आपल्याला कळते. पण वेळ लागतो, हे आपण विसरतो. आंब्याची कोय लावून तिसऱ्या वर्षी फळ मागणारा आणि मिळाले नाही म्हणून रोप उपटणारा माणूस आपण वेडा ठरवू. संघाच्या बाबतीत तेच आपण दोनदा केले. नवे जे काही काढायचे, ते निदान दहा वर्षे मोडायचे नाही, एवढे ठरवून काढावे. ते क्लबांमधून असो, शाळांमधून असो, की कोल्हापूरच्या तालमींमधून.

आणि तोवर आपल्याला करण्यासारखे एक काम आहे. पुढच्या रविवारी जवळच्या मैदानावर पोरांचा सामना असेल, तर तासभर जाऊन कडेला उभे राहावे. हरणाऱ्या बाजूला उभे राहिलात, तर अधिक बरे.