आभासी संगणकाची अंगरचना : तिचे वर्णन आणि तिची नोंद

एका खऱ्या संगणकावर प्रोग्रामच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक म्हणजे आभासी संगणक होय. असा संगणक उभा करणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलेला क्यूईएमयू हा त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित म्हणता येईल. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम ही सोय समाविष्ट झाली, तेव्हापासून या दोहोंच्या जोडीवर असंख्य सर्व्हर चालत आले आहेत. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालविणाऱ्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हीच जोडी अनेकदा पडद्याआड असते.

आभासी संगणकाला किती प्रोसेसर द्यायचे हे चालविणारा ठरवतो. समजा, त्याने 'आठ' असे सांगितले. वरकरणी हे पुरेसे वाटते. परंतु आठ हा केवळ आकडा आहे, त्यातून रचना कळत नाही. आठ कोअर असलेली एकच चिप, चार कोअरच्या दोन चिप, किंवा प्रत्येकी दोन थ्रेड चालविणारे चार कोअर, या सर्वांची बेरीज आठच भरते. मदरबोर्डवर चिप ज्या खोबणीत बसते ते सॉकेट, चिपमधील स्वतंत्र गणनकेंद्र ते कोअर आणि एका कोअरवर एकाच वेळी चालणारा आज्ञाप्रवाह तो थ्रेड. या उतरंडीलाच टोपॉलॉजी, म्हणजे यंत्राची अंगरचना, असे म्हणतात.

आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला ही उतरंड जाणून घेण्याची गरज का पडते? दोन थ्रेड एकाच कोअरचे असतील, तर दोन जड कामे त्यांच्यावर एकत्र टाकणे तोट्याचे ठरते. उलट, एकमेकांशी सतत देवाणघेवाण करणारी कामे समाईक कॅश असलेल्या कोअरवर ठेवलेली बरी. दुसरे कारण परवान्याचे आहे. विंडोज १० ची होम आवृत्ती एकच सॉकेट वापरते, प्रो आवृत्ती दोन. क्यूईएमयूच्या ६.२ पूर्वीच्या आवृत्त्यांत नुसते 'आठ' म्हटले, की आठ सॉकेट आणि प्रत्येकात एक कोअर अशी रचना गृहीत धरली जात असे. परिणामी आठ प्रोसेसर देऊनही विंडोज प्रो त्यांपैकी दोनच वापरी, आणि उरलेले सहा गेले कुठे, असा प्रश्न चालविणाऱ्याला पडे. यात बिघाड कशातच नव्हता. न सांगितलेल्या गोष्टीचा एम्युलेटरने एक अर्थ लावला होता, आणि तो अर्थ चालविणाऱ्याच्या मनात नव्हता.

डिसेंबर २०२१ च्या ६.२ आवृत्तीत हा क्रम बदलण्यात आला. आता रिकामी जागा भरताना कोअरला प्रथम पसंती मिळते, नंतर सॉकेटला. बाजारातील खऱ्या यंत्रांशी हे अधिक जुळते. मात्र जुन्या आभासी संगणकांच्या बाबतीत असा बदल सरसकट लागू करता येत नाही. चालू संगणक न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचा असेल, तर त्याची अंगरचना तसूभरही बदलून चालत नाही. म्हणून क्यूईएमयूमध्ये यंत्रप्रकाराच्या नावातच आवृत्ती असते. 'क्यू३५-६.१' मागणाऱ्याला नव्या प्रोग्रामवरही जुनाच क्रम मिळतो. माहितीपुस्तिकेत दोन्ही काळांतील क्रम नमूद केला असून, नुसता 'दोन' हा आकडा आधी दोन सॉकेट आणि नंतर एका सॉकेटात दोन कोअर असा कसा वाचला जातो, याचा दाखलाही दिलेला आहे. आपण पूर्वी काय समजत होतो हे सांगणारी पुस्तिका विरळाच, पण इथे ते सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

चुकीची बेरीज खपवून घेण्याची सवय मोडण्यासही वेळ लागला. सॉकेट, कोअर व थ्रेड यांचा गुणाकार कमाल प्रोसेसरसंख्येइतका यावा, हा साधा नियम. तरी कमाल आठ सांगून दोन सॉकेट, दोन कोअर, एक थ्रेड, म्हणजे चारच, अशी मागणीही पूर्वी चालून जाई. मग पुढे वाढीव प्रोसेसर जोडले, तर ते कोणत्या सॉकेटचे? ३.१ आवृत्तीपासून हा प्रकार त्याज्य ठरवून ५.२ मध्ये, म्हणजे २०२० साली, बंद करण्यात आला. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. एक्स८६ यंत्रात प्रत्येक प्रोसेसरची ओळखसंख्या द्विमान अंकांच्या गटांनी बनते आणि प्रत्येक स्तराला पूर्ण बिटे राखावी लागतात. दोन सॉकेट व प्रत्येकी तीन कोअर असतील, तर तीनसाठी दोन बिटे लागतात आणि ओळखसंख्या ०, १, २, ४, ५, ६ अशा येतात. ३ गाळली जाते. रचना चुकली की ही ओळखही चुकते.

शून्याचा प्रश्न याहून सूक्ष्म. 'कोअर शून्य' असे लिहिले तर पूर्वी 'तुम्हीच ठरवा' असा अर्थ घेतला जाई. गुणपत्रिकेत गैरहजर विद्यार्थ्यापुढे शून्य लिहावे, तशातलाच हा प्रकार. तो २०२४ च्या ९.० आवृत्तीत बंद झाला.

त्याच वर्षी 'एक' या आकड्यावरून मतभेद झाला. आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी बुक व ड्रॉवर हे स्तर २०२३ मध्ये आले होते. साध्या पीसीला ते नसतात, तेव्हा तेथे 'ड्रॉवर एक' म्हणणे निरर्थक, म्हणून त्याज्य, असे आधी ठरले. त्यावर आक्षेप आला, की जे यंत्र विभागलेलेच नाही ते एकाच ड्रॉवरमध्ये आहे असे म्हणण्यात असत्य काय? शिवाय आभासी संगणकांचे व्यवस्थापन करणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक यंत्राला कोणते स्तर आहेत हे पाठ का करावे? हा आक्षेप मान्य होऊन 'एक' ला पुन्हा मुभा मिळाली. हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

शब्दांची निवडही अशीच जपून करावी लागते. आर्म यंत्रांसाठी 'क्लस्टर' हा स्तर २०२२ मध्ये आला. पुढे इंटेलच्या चिपांत, समाईक कॅश वापरणाऱ्या कोअरच्या गटासाठी, आधी हाच शब्द योजला गेला. परंतु दोन्हींचा आशय एक नव्हता, आणि पुस्तिकेत एका शब्दाचे दोन अर्थ लिहिणे वाचकावर अन्याय करणारे ठरले असते. अखेर इंटेलसाठी 'मॉड्यूल' हे वेगळे नाव घेतले गेले.

एवढे करूनही हे वर्णन म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. आत दोन थ्रेड एकाच कोअरचे दाखविले, म्हणून बाहेरच्या सर्व्हरवर ते एका कोअरवर बसतीलच असे नाही. क्यूईएमयू स्वतः ते बांधून ठेवत नाही. ते काम लिबव्हर्टसारख्या व्यवस्थापकाला वेगळे सांगावे लागते. न सांगितल्यास आतील ऑपरेटिंग सिस्टिम खोट्या नकाशावर कामे वाटत राहते. प्रयोगशाळेत यंत्र उभारताना म्हणूनच सॉकेट, कोअर, थ्रेड व कमाल हे चारही आकडे आणि यंत्रप्रकाराची आवृत्ती स्पष्ट लिहावी. कोणता आभासी प्रोसेसर सर्व्हरच्या कोणत्या प्रोसेसरला बांधला आहे, हेही त्याच कागदावर टिपून ठेवावे.