कोट, घाम आणि तीन अंश

एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या मोठ्या कचेरीत गेलो, की एक चमत्कारिक दृश्य दिसते. बाहेर पारा ४० अंशांवर असतो. आत कोट-टाय घातलेले साहेब आरामात बसलेले असतात आणि शेजारच्या टेबलावरील बाई खांद्यावर शाल ओढून काम करीत असतात. भर उन्हाळ्यात शाल का लागावी? उत्तरासाठी आपण आधी साहेबांचा कोट तपासू.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॅट इतक्या दराने उष्णता निर्माण होते. ती सतत बाहेर पडावी लागते. त्वचेचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सियस असते. हवा त्याहून थंड असेल, तर उष्णता आपोआप हवेकडे जाते. हवा त्याहून गरम झाली, की घामाच्या बाष्पीभवनावरच भिस्त राहते. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. या हिशोबाने शंभर वॅट बाहेर टाकायला ताशी सुमारे १५० ग्रॅम घाम वाळला पाहिजे. नुसता ओघळून गेलेला घाम उपयोगाचा नाही.

कपडे या दोन्ही वाटा अडवतात. त्यांतून उष्णता किती अडते हे मोजण्यासाठी संशोधकांनी १९४१ साली ‘क्लो’ हे एकक सुचवले. २१ अंशांच्या खोलीत, वारा नसताना, स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखकर वाटतील इतके कपडे म्हणजे १ क्लो. कोट-पँटचा पूर्ण पोशाख साधारण इतका भरतो. अर्ध्या बाह्यांचा पातळ सदरा आणि हलकी पँट मिळून होतात सुमारे ०.५ क्लो. बैठ्या कामात ०.१ क्लो कमी झाला, की खोली सुमारे ०.६ अंशाने गरम असली तरी चालते. म्हणजे कोट उतरवला, की खोलीचे तापमान तीन अंश वाढवता येते. आपल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या अंदाजाप्रमाणे वातानुकूलन यंत्र एक अंशाने वर ठेवले, तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. आता बाईंच्या शालीचा उलगडा होतो. खोली कोटाच्या मापाने थंड केलेली आहे!

यावर जपानने २००५ साली एक उपाय केला. उन्हाळ्यात कचेऱ्यांचे तापमान २८ अंश ठेवायचे आणि कोट-टायला सुट्टी द्यायची. या मोहिमेचे नाव ‘कूल बिझ’. टायशिवाय कोणाला भेटणे उद्धटपणाचे दिसेल, असा संकोच अनेक नोकरदारांना वाटत होता. तेव्हाचे पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी स्वतःच टाय न लावता वावरू लागले.

कोट गेला तरी कापडाचा प्रश्न उरतो. सुती कापड नेहमीच्या दमट हवेत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून ठेवते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. सुतातील सेल्युलोजचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. घामाचे पाणी आत शिरले की हे बंध सैल होतात आणि कापड वाळताना दुमडलेल्या स्थितीतच पुन्हा जुळतात. हीच सुरकुती. इस्त्रीने आपण तेच बंध सरळ स्थितीत जुळवून घेतो. ज्या गुणामुळे सुती सदरा घाम टिपतो, त्याच गुणामुळे तो चुरगळतो. टेरिकॉट दिवसभर कडक राहते, कारण त्यातील पॉलिएस्टर पाण्याला जवळ करीत नाही. तेव्हा उन्हाळ्यात दुपारी चुरगळलेला सुती सदरा पाहून त्याला गबाळेपणा म्हणण्याआधी आपण थोडे थांबावे. विणीलाही महत्त्व आहे. जाड सुती कापड एकदा भिजले की लवकर वाळत नाही, म्हणून पातळ, विरळ विणीचे आणि अंगाला न चिकटणारे कपडे बरे.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. सारख्या आकाराच्या दोन भांड्यांत सारखेच कोमट पाणी घ्या. दोन्हींभोवती ओले मलमल गुंडाळा. एकावर वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवा, पण भांड्याचे तोंड दोन्हीकडे उघडे ठेवा. दर दहा मिनिटांनी पाण्याचे तापमान नोंदवून आलेख काढा. नंतर पिशवीच्या जागी कोटाचे जाड कापड, टेरिकॉट आणि खादी वापरा. आलेख तयार झाले, की विद्यार्थ्यांनाच विचारा: उन्हाळ्यातला शाळेचा गणवेश तुम्ही कोणत्या कापडाचा निवडाल? आणि शिक्षकांचा?