सामानाचा विमा निघतो, उचलणाऱ्याचं काय?

घर हलवून देणाऱ्या कंपन्यांचा धंदा शहराशहरांत वाढतो आहे. या धंद्यात राबणाऱ्या, गावाकडून येऊन-जाऊन काम करणाऱ्या तरुणांच्या हक्काचं नेमकं काय, याचा हा लेखाजोखा.

अनसिंग हे वाशीम–पुसद रस्त्यावरचं, वाशीम तालुक्यातलं मोठं गाव. सोयाबीन आणि तूर ही इथल्या कोरडवाहू शेतीची मुख्य पिकं. सोयाबीनची सोंगणी दिवाळीच्या आगेमागे उरकते, त्यानंतर दोन-तीन महिन्यांत तूर घरात येते. ज्याच्या विहिरीला पाणी नाही, त्याच्या शेतात मग मृग लागेपर्यंत हाताला काम उरत नाही. आणि शहरांत घरं हलतात ती नेमकी याच दिवसांत. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, बदल्यांचे आदेश निघालेले असतात, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत नव्या जागी बस्तान बसवायचं असतं. ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपन्यांना एप्रिल ते जून जादा हात लागतात. गावात काम नाही आणि शहरात कामाला माणूस नाही, अशी ही गाठ पडते.

म्हणूनच या कंपन्यांत मिळणाऱ्या सोयी-सवलतींची चर्चा शहरापुरती ठेवून भागणार नाही. पुण्याला किंवा वाशीमहून पूर्णा–नांदेडमार्गे हैदराबादला जाणारा तरुण रोज किती पडेल हे विचारून घेतो. मस्टरवर नाव लागेल का, पीएफ कापला जाईल का, पडलो-झडलो तर दवाखान्याचं कोण पाहील, हे विचारायचं मात्र राहून जातं. खरा पगार या प्रश्नांच्या उत्तरांत असतो.

अंगमेहनत आणि कसब

या कामाकडे निव्वळ ओझी वाहण्याचं काम म्हणून पाहिलं जातं, ते बरोबर नाही. कपबश्या एकेक करून कागदात गुंडाळायच्या, खोक्यात ताटं आडवी न रचता उभी लावायची, खोक्याच्या तळाला आणि तोंडाला कागदाची गादी भरायची. कपाट सुटं करताना स्क्रू पिशवीत घालून ती पिशवी त्याच कपाटाच्या फळीला चिकटवायची. प्रत्येक खोक्यावर आकडा टाकून तो यादीत उतरवायचा. गाडीत जड सामान केबिनच्या बाजूला, तळाशी; हलकं वर. यात चूक झाली तर शेकडो किलोमीटरच्या रस्त्यावर ती बाहेर येतेच.

जिना उतरतानाचा फ्रिज पाहावा. दोघं जण, खांद्यावरून घेतलेला पट्टा फ्रिजच्या बुडाखालून गेलेला. वरचा माणूस तोल सांभाळतो, खालच्याच्या अंगावर खरं वजन येतं. त्याला पुढची पायरी दिसत नाही, वरचा ‘एक... अजून एक... वळण’ असं सांगत राहतो आणि खालचा पायाच्या अंगठ्यानं पायरी चाचपत उतरतो. वळणावर फ्रिज भिंतीला लागू द्यायचा नाही, म्हणून बोटं भिंत आणि फ्रिजच्या मध्ये येतात. सोसायटीनं लिफ्ट वापरू दिली नाही, तर असे चार-पाच मजले होतात. सकाळी एक घर भरायचं, दुपारनंतर दुसरं उतरवायचं, रात्री गाडीतच आडवं व्हायचं, असे दिवस हंगामात सलग येतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1967 साली माणसानं उचलायच्या ओझ्याबद्दल शिफारस केली. प्रौढ पुरुषानं नेहमीच्या कामात 55 किलोपेक्षा जास्त ओझं उचलू नये, असं तिच्यात सुचवलं आहे. घरातला मोठा फ्रिज, भरलेलं लोखंडी कपाट ही मर्यादा सहज ओलांडतात. चाकांची ट्रॉली, चांगले पट्टे, हातमोजे, पुढून टणक असलेले बूट आणि पुरेशी माणसं ही या धंद्यातली पहिली ‘सुविधा’ आहे. पगाराची बोलणी त्यानंतर.

पगारातून काय कापलं, काय साठलं

हातात येणारे पैसे कमी होतात म्हणून अनेक तरुणांना कपात नको असते. हिशेब मांडून पाहिला की चित्र वेगळं दिसतं. समजा, मूळ पगार महिना 15,000 रुपये आहे. भविष्य निर्वाह निधीसाठी कामगाराचे 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये कापले जातात. कंपनीला तेवढेच आपल्या खिशातून भरावे लागतात. त्यातले 1,250 रुपये पेन्शनच्या खात्यात जातात, उरलेले 550 निधीत. याच खात्याला जोडलेल्या विम्यातून, नोकरीत असताना कामगाराचा मृत्यू झाला तर वारसाला 7 लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. त्यासाठी कामगाराच्या पगारातून वेगळा पैसाही कापत नाहीत.

ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, हिशेब याहून हलका. कामगाराचे 0.75 टक्के, म्हणजे साधारण 113 रुपये, कंपनीचे 3.25 टक्के, म्हणजे साधारण 488 रुपये. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू आहे. बदल्यात कामगाराला आणि कुटुंबाला उपचार मिळतात, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. कामावर इजा झाली, तर बरं होऊन कामावर परतेपर्यंत 90 टक्के पगार मिळतो, आणि हा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे. जिना उतरताना पाय मोडलेल्या माणसासाठी ही तरतूद म्हणजे घराची चूल चालू राहण्याची हमी आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावं लागतं. आठवड्याला 48 तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दरानं मोबदला आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला ईएसआयसी, वीस किंवा अधिक असतील तर पीएफ. इथंच वाढत्या कंपनीची कसोटी लागते. गाड्या पाच होतात, शहरं तीन होतात, पण मस्टरवरची नावं वीसच्या आतच राहतात. बाकीची पोरं ठेकेदाराची म्हणून दाखवली जातात. पीएफच्या कायद्यात ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही धरला जातो, आणि ठेकेदारानं पैसे भरले नाहीत तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते. हे पोरांना माहीत असायला हवं.

आणखी एक दुखरी जागा म्हणजे नुकसानभरपाई. टीव्हीची काच गेली, की पुढच्या पगारातून रक्कम वजा, ही पद्धत या धंद्यात रुळलेली आहे. कायदा असा हात मोकळा सोडत नाही. वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात दिलेली असली पाहिजे, नुकसान त्याच्याच हलगर्जीपणानं झालेलं असलं पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे. सगळ्यांच्या पगारातून सरसकट वाटून घेतलेली कपात या कसोटीला उतरत नाही.

पेरणीला गावी परतणाऱ्याची अडचण

आता खरा पेच. अनसिंगसारख्या गावातला माणूस पहिला पाऊस पडला की पेरणीला परततो आणि तूर निघाली की पुन्हा शहर गाठतो. कधी जुनीच कंपनी, कधी दुसरी. नोकरीचे बहुतेक फायदे मात्र एका मालकाकडे सलग राहणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून बेतलेले आहेत.

ग्रॅच्युइटीचंच पाहा. 1972 च्या कायद्यानं घालून दिलेला नियम असा, की एका ठिकाणी पाच वर्षं सलग सेवा झाली की दरवर्षामागे 15 दिवसांचा पगार. 15,000 रुपये पगारावर सात वर्षांची सेवा झालेल्याला साधारण 60,577 रुपये मिळतात. पण वर्षात 240 दिवस भरले नाहीत तर सेवा सलग धरली जाताना अडचण येते. सात वर्षं, दरवर्षी पाच महिने जिने उतरणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. नव्या संहितेनं ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी दिली, ही चांगली सुधारणा आहे. हंगामी माणूस त्यातूनही सुटतो.

पीएफ मात्र त्याच्याबरोबर चालू शकतो. यूएएन हा पीएफचा सार्वत्रिक क्रमांक एकच असतो आणि मालक बदलला तरी तोच राहतो. दरवेळी काम सोडल्यावर निधी आणि पेन्शनची रक्कम काढून घेतली, तर पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा जुळत नाही. रक्कम न काढता खातं नव्या कंपनीकडे वळवून घेतलं, तर तुकड्यातुकड्यानं झालेली सेवा एकमेकींत मिळते. दर हंगामाला नवा यूएएन काढून देणाऱ्या मुकादमाला म्हणूनच ठाम नकार द्यावा आणि जुनाच क्रमांक लावायला सांगावं.

महाराष्ट्रानं 1969 सालीच शोधलेली वाट

मालक रोज बदलतो, काम कधी आहे कधी नाही, अशा माणसाला स्थिर हक्क कसे द्यायचे? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रानं फार पूर्वी दिलं. मुंबईच्या बाजारपेठांत आणि गोदामांत ओझी वाहणाऱ्यांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलं. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. या लढ्यांच्या काळात, 1969 साली, माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला.

त्याची रचना अगदी साधी आहे. कामगार आणि मालक दोघांची नोंद माथाडी मंडळाकडे होते. ज्याचं काम झालं त्या मालकानं मजुरी मंडळाकडे भरायची आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्हीही भरायची. मंडळ टोळीतल्या माणसांना मजुरी देतं. लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी, औषधपाणी यांची सोय होते. सकाळी एका व्यापाऱ्याचं काम, दुपारी दुसऱ्याचं, तरी कामगाराच्या खात्यात सेवा जमतच राहते. नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोलीला उभ्या राहिलेल्या माथाडींच्या वसाहती म्हणजे या रचनेनं हमालाच्या घरात काय आणून दिलं, त्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे.

माथाडीच्या नावाखाली सोसायटीच्या दारात ‘वाराई’ उकळणाऱ्यांनी या कायद्याची बदनामी केली, हे खरं आहे आणि त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्यांच्यामुळे मूळ कल्पना खोटी ठरत नाही. घरसामान हलवणाऱ्या कंपन्यांची आणि त्यांच्या ठेकेदारांची बरीच पोरं आज या छत्राबाहेर आहेत. एका घराच्या बिलावर ठरावीक लेव्ही, ती जमा करणारं मंडळ आणि कामगाराच्या नावावर साठणारी सेवा, एवढं केलं तर पेरणीला गावी जाणाऱ्याचे गावातले महिने त्याचे वर्षानुवर्षांचे कष्ट पुसून टाकणार नाहीत. ॲपवरून बोलावलेली गाडी चालवणाऱ्यांसाठी नव्या संहितेनं हेच तत्त्व मानलं आहे: मंचानं आपल्या उलाढालीचे एक ते दोन टक्के सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे. ॲपला जे लागू, ते पॅकर्स कंपनीला का नसावं?

कोणी काय करायचं

ग्राहकाच्या हातातही बरंच आहे. आपण जाहीर केलेल्या किमतीवर सामानाचा विमा घेतो, एकेका वस्तूची यादी तपासतो. कोटेशन मागताना आणखी दोन प्रश्न विचारावेत: तुमच्या माणसांना ईएसआयसी आहे का, आणि या सामानाला किती माणसं पाठवणार? सर्वांत स्वस्त दर बहुतेकदा दोन माणसं कमी लावून निघतो, आणि त्याची किंमत उरलेल्यांच्या कमरेनं मोजली जाते. कामाच्या दिवशी लिफ्ट, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह मोकळं ठेवणं ही तर साधी माणुसकी.

कंपन्यांनीही आपल्या फायद्याचं गणित नीट मांडावं. सामान फुटतं ते थकलेल्या आणि नवख्या हातांतून. पुढच्या हंगामाला तीच मुरलेली टोळी परत यावी असं वाटत असेल, तर नेमणूकपत्र, वेळेवर भरलेला पीएफ, ओव्हरटाइमची नोंद आणि मुक्कामाला गाडीऐवजी खोली, यांवर खर्च करावा.

आणि अनसिंगसारख्या गावांनी? आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीत एक टेबल लावता येईल. बाहेरगावी जाणाऱ्याचं नाव, कंपनी आणि ठेकेदार यांची नोंद, यूएएन आहे का याची तपासणी, ई-श्रम पोर्टलवरची नोंदणी आणि ईएसआयसीत घरच्यांची नावं घालण्याची माहिती, एवढं काम गावातला शिकलेला कोणताही तरुण करू शकतो. परराज्यात जाणाऱ्याला प्रवासभत्त्याचा हक्क आहे आणि त्याचं रेशनकार्ड तिथंही चालतं, हे त्याच टेबलावर सांगता येईल. तूर निघाल्यावर गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात नेमणूकपत्र आणि यूएएन असलं पाहिजे. यंदाच्या हंगामाआधी गावानं एवढं मनावर घ्यावं.